जुना रोटरी मिक्सर घेण्याआधीची तयारी

नागपुरात कुणाला ‘डीजे मिक्सर घेतोय’ असं सांगितलं की त्याच्या डोळ्यांपुढे वरातीतला ट्रक आणि त्यावर रचलेली स्पीकरची भिंत उभी राहते. मी लिहितोय तो मिक्सर त्या जगातला नाही. सरकत्या फेडरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्टीच्या) जागी मोठे गोल नॉब असलेलं, एका रेकॉर्डमधून दुसरी हळूहळू पुढे आणण्यासाठी बनवलेलं हे जुनं यंत्र आहे, म्हणजे रोटरी मिक्सर. म्हणून सगळ्यात आधी आपण संगीत कसं वाजवतो ते स्वतःशी स्पष्ट करून घ्या. झटपट कट मारायचे असतील, स्क्रॅच करायचं असेल, तर हा नाद सोडलेला बरा, कारण जुन्या रोटरीवर बहुधा क्रॉसफेडरच, म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर झटक्यात नेणारी आडवी पट्टीच, नसते. दोन गाणी दोन-तीन मिनिटं एकमेकांत विरघळत ठेवायला आवडत असेल, तर मात्र याच्यासारखं दुसरं काही नाही. याचं कारण साधं आहे. डीजे मिक्सरचा फेडर सहसा ४५ किंवा ६० मिलिमीटर सरकतो. ३५ मिलिमीटर व्यासाचा नॉब ३०० अंश फिरवला, तर त्याच्या कडेवर बोट ९० मिलिमीटरच्या पुढे जातं. तेवढा जास्तीचा प्रवास हाताला मिळतो आणि आवाज त्यामुळे इतका अलगद वर येतो, की ऐकणाऱ्याला नवी रेकॉर्ड कधी सुरू झाली ते कळतही नाही.

बघायला लागलात की तीन-चार नावं वारंवार समोर येतील. १९७१मध्ये न्यू यॉर्कच्या हेवन क्लबसाठी अ‍ॅलेक्स रोझनर यांनी एक मिक्सर हाताने बनवला. तो लाल रंगाचा होता म्हणून त्याचं नाव ‘रोझी’ पडलं. त्यानंतर रुडी बोझॅक यांच्या कंपनीने रोझनर यांच्या सल्ल्याने सीएमए-१०-२डीएल हा मिक्सर बाजारात आणला. युरेई कंपनीचा १६२० हा मिक्सर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. मांडणी बोझॅकच्याच धर्तीची, पण आत सुट्या ट्रान्झिस्टरऐवजी ऑपॅम्प आयसी, म्हणजे अनेक ट्रान्झिस्टर एकत्र असलेली चिप. न्यू यॉर्कच्या पॅरडाइज गराज क्लबमध्ये डीजे लॅरी लेव्हन यांचा हात याच जातीच्या नॉबवर असायचा. रेन कंपनीचा एमपी २०१६ बराच नंतरचा, आणि खिशाकडे बघता तो जास्त जवळचा वाटू शकतो. नावाला भुलू नका, एवढंच सांगतो. बोझॅकमध्ये प्रत्येक काम वेगळ्या कार्डावर असतं आणि कार्ड खाचेत बसतं, त्यामुळे दुरुस्तीला ते सोयीचं. पण त्या खाचांचे संपर्क काळे पडले की चॅनल मधूनच गायब होतं. युरेईतले आयसी त्या मानाने सहज बदलता येतात.

आता यादीतलं खरं महत्त्वाचं काम. मिक्सर शोधण्याआधी तो दुरुस्त करणारा माणूस शोधा. चाळीस-पन्नास वर्षं जुनं यंत्र घरात आलं, की वर्षभरात एकदा तरी ते उघडावं लागणारच. महाल, इतवारी, बर्डीकडे अजूनही असे मेकॅनिक आहेत ज्यांचा हात रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि अ‍ॅम्प्लिफायरवर बसलेला आहे. मिक्सर त्यांनी कधी पाहिला नसेल तरी फरक पडत नाही, आतलं सर्किट त्यांच्या ओळखीचंच असतं. मिक्सरचा सर्किट डायग्राम मिळवून छापा, तो त्यांच्यासमोर ठेवा आणि ‘काका, हे आलं तर कराल का?’ असं आधीच विचारून ठेवा. मी ज्यांच्याकडे जातो त्या काकांनी पहिल्याच भेटीत मला जे शिकवलं ते कुठल्याही माहितीपत्रकात सापडलं नसतं. एक नॉब फिरवला की खरखर यायची. मी दोनदा क्लीनर मारून बघितला होता. काकांनी मल्टिमीटरच्या सळया पॉटच्या (नॉबखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) पायांना लावल्या, काटा हलला आणि ते म्हणाले, ‘भाऊ, पॉट साफ करून नाही होणार. मागून डीसी येऊन राहिला.’ पॉटच्या आधीचा, डीसी अडवून फक्त आवाज पुढे सोडणारा कपलिंग कॅपॅसिटर गळायला लागला की डीसी व्होल्टेज कार्बनच्या पट्टीवर येऊन बसतं आणि नॉब फिरवताना तेच खरखर होऊन ऐकू येतं. बारीकसा कॅपॅसिटर बदलला आणि नॉब गप्प झाला. तेव्हापासून खरखर म्हणजे पॉट गेला, असं मी मानत नाही.

पॉट खरंच गेला असेल, तर बदली पॉटची दोन मापं वहीत लिहून ठेवा. आवाजाच्या नॉबला लॉग पॉट लागतो, म्हणजे कानाला आवाज एकसारखा वाढतोय असं वाटेल असा. आज बाजारात मिळणाऱ्या पॉटवर सहसा ए अक्षर म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर. चुकून लिनिअर बसला तर पहिल्या पाव फेऱ्यातच जवळजवळ सगळा आवाज येऊन जातो आणि ज्या अलगदपणासाठी हा मिक्सर घेतला तोच हरवतो. दुसरं माप दांडीचं. आपल्याकडच्या पॉटची दांडी बहुतेक वेळा ६ मिलिमीटरची असते, अमेरिकन नॉबचं भोक मात्र पाव इंचाचं, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचं. एवढ्याशा फरकाने नॉब लचकतो आणि हाताला ते सतत टोचत राहतं.

विजेचं काम मिक्सर येण्याआधी पूर्ण करा. अमेरिकेतला मिक्सर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा, जपानचा १०० व्होल्टचा, आपल्या घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. पिन बदलून तो थेट सॉकेटमध्ये लावला तर क्षणात जळेल. मागच्या पट्टीवर ११५ आणि २३० असे दोन्ही आकडे आहेत का ते विक्रेत्याला फोटो मागून बघा. असतील तर आतलं कनेक्शन आणि फ्यूज मेकॅनिककडून बदलून घेता येतं. नसतील तर व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. मिक्सर वीज थोडीच खातो, तरी ट्रान्सफॉर्मर १०० व्हीए क्षमतेपेक्षा लहान घेऊ नका आणि अर्थिंगची तार पुढे नेणाराच घ्या. आणखी एक गोष्ट. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जरा जास्त तापतो, म्हणून मिक्सरच्या वर-खाली हवा खेळायला जागा ठेवा.

अर्थिंगचं तर नागपूरकरांनी विशेष बघावं. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठणठणीत होते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि हिवाळ्यात शांत असलेली सिस्टिम अचानक गुणगुणायला लागते. खड्ड्यात आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी ओतायचं हे घरातल्या जुन्या माणसांना ठाऊक असतं, आपण मात्र विसरतो. टर्नटेबलची ग्राउंडची बारीक तार मिक्सरच्या मागच्या स्क्रूला घट्ट बसलीय ना, हेही बघा. अर्धी गुणगुण तिथेच थांबते.

मग विक्रेत्याशी बोलणं. ‘सर्व्हिस केलेला आहे’ या वाक्यावर पैसे देऊ नका. काय बदललं, कधी बदललं, हे विचारा आणि झाकण काढून आतल्या बोर्डाचे फोटो मागा. कॅपॅसिटरचं डोकं फुगलेलं आहे का, पायाशी तपकिरी डाग आहे का, ते मोठं करून बघा. मग व्हिडिओ मागा. काही न वाजवता मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) पुढे करून एकेक नॉब शून्यापासून टोकापर्यंत हळू फिरवायला सांगा, आवाज हेडफोनमधून रेकॉर्ड करायला सांगा. मिक्सर शहरातच असेल, तर फोनमध्ये २०० हर्ट्झचा मोनो स्वर घेऊन जा. तो लावा, दोन्ही आउटपुटवर मल्टिमीटर धरा आणि नॉब अगदी खालून वर न्या. एका बाजूला १०० मिलिव्होल्ट नि दुसरीकडे ११२ दिसलं तर तो १ डेसिबलचा फरक आहे. एवढा चालतो. खालच्या टप्प्यात एक बाजू पूर्ण मागे पडत असेल तर पॉट बदलावा लागेल, भाव करताना तो खर्च धरा. परदेशातून मागवत असाल तर वाहतूक, कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी मिळून किंमत कुठे जाते ते होकार देण्याआधी मांडून बघा.

पॅकिंगबद्दल मी आग्रही आहे, कारण माझा पहिला मिक्सर आला तेव्हा दोन पॉटच्या दांड्या वाकलेल्या होत्या. नॉब न काढता, तोंड खाली करून तो खोक्यात ठेवला होता आणि सगळं वजन त्या दोन नॉबवर आलं होतं. तेव्हापासून मी विक्रेत्याला पैशाआधी पॅकिंग लिहून कळवतो: सगळे नॉब काढून वेगळ्या पिशवीत, दांड्यांपेक्षा उंच फोमची चौकट, खोक्यात दुसरं खोकं. ज्याला हे जड वाटतं त्याच्याकडून मी घेत नाही.

इनपुट मोजायला विसरू नका. टर्नटेबलच्या साध्या कार्ट्रिजमधून सुमारे ५ मिलिव्होल्ट येतात, सीडी प्लेअरमधून २ व्होल्टपर्यंत. रेकॉर्ड लावायची तर टर्नटेबलचा हा बारीक सिग्नल वाढवणारे फोनो इनपुट किमान दोन हवेत. जुन्या बोझॅक-युरेईवर प्रत्येक चॅनलला वेगळा बास-ट्रेबल नसतो, ज्यांना तो हवाच त्यांनी वेगळ्या आयसोलेटरचे (बास-ट्रेबल वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचे) पैसे बाजूला ठेवावेत. मिक्सर १९ इंची रॅकचा असेल तर कानांसकट (बाजूच्या पट्ट्यांसकट) ४८ सेंटिमीटरच्या वर जागा लागेल. टेबल आधी मोजा.

शेवटी हंगाम. शक्य असेल तर मिक्सर नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) किंवा ऐन पावसाळ्यात मागवू नका, दसऱ्यानंतर मागवा. तापमान दर १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे तर पारा ४५च्या पुढे जातो. उन्हाळ्यात खोलीत कूलर असेल तर मिक्सर त्याच्या झोतात ठेवू नका. ती ओली हवा नि सोबत येणारी धूळ स्विचच्या आणि कार्डांच्या संपर्कांत जाऊन बसते. सुती कापडाचं झाकण शिवून घ्या, प्लास्टिकचं नको, आत दमट होतं.

मिक्सर घरी आला की लगेच लावू नका. रात्रभर खोक्याबाहेर तसाच राहू द्या. सकाळी आधी मिक्सर चालू करा, अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी, आणि बंद करताना नेमकं उलटं. पहिला तास काहीच वाजवू नका. तासाभराने ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या कोपऱ्यावर तळहात ठेवा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर बंद करा आणि काकांना फोन लावा. कोमटच असेल, तर सगळ्यात ओळखीची रेकॉर्ड काढा, सुई ठेवा, आणि पहिला नॉब शून्यापासून, दोन बोटांनी, हळू.