रिफिल केलेला टोनर प्रिंटर नाकारतो तेव्हा

एचपीच्या लेझरजेटमध्ये रिफिल कार्ट्रिज अडते ती बहुतेकदा पावडरमुळे नाही, चिपमुळे (कार्ट्रिजची ओळख आणि टोनरची पातळी प्रिंटरला सांगणारा छोटा तुकडा). आधी मेसेज नीट वाचा. नुसतं ‘व्हेरी लो’ असेल तर सप्लाय सेटिंगमध्ये ‘कंटिन्यू’ निवडा आणि छपाई फिकी पडेपर्यंत चालवा.

‘प्रोटेक्टेड’ आलं तर ती कार्ट्रिज दुसऱ्या प्रिंटरला कायमची बांधली गेली आहे. चिप बदलल्याशिवाय सुटका नाही. आपल्या कार्ट्रिज अशा बांधल्या जाऊ नयेत म्हणून ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता टाकून ‘कार्ट्रिज प्रोटेक्शन’ बंद करा, तेही नवी बसवण्याआधी. नंतर बंद करून बांधलेली मोकळी होत नाही.

डायनॅमिक सिक्युरिटीच्या (एचपीची नसलेली चिप ओळखून अडवणारी सोय) मॉडेलवर बाहेरची चिप आज चालते, पण फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं की अडू शकते. बऱ्याच मॉडेलवर ऑटो अपडेट बंद ठेवता येतं (मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत नाहीत). त्यापेक्षा मूळ कार्ट्रिज भरून एचपीचीच चिप ठेवलेली बरी. पातळी चुकीची दिसेल, एवढंच.

चिप बदलताना जुनी पातळ ब्लेडने हळू उचला. नवी त्याच दिशेने, सपाट बसवा. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. जरा तिरकी बसली की प्रिंटरला कार्ट्रिजच सापडत नाही.

जुन्या लेझरजेट १०२० च्या १२ए कार्ट्रिजला चिपच नाही, ती बिनधास्त भरा.