ट्रकचा चॅसिस नंबर फोटोत वाचता येत नसेल तर

अपघातग्रस्त ट्रकच्या चॅसिस नंबरवर (सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक) फ्लॅशचा पांढरा डाग पडतो, कोरलेली अक्षरं सपाट दिसतात आणि विम्याच्या क्लेमची फाइल परत येते. फार वैताग येतो. झूम करून किंवा पाण्याने पुसून भागलं नाही.

चाललं ते असं. आधी न पुसता एक फोटो. मग डिझेलच्या फडक्याने ग्रीस काढा आणि कोरडं करा. पॉलिश पेपर अजिबात नको, घासल्याच्या खुणा छेडछाडीसारख्या दिसतात. खडू आडवा फिरवून वरवर बोटाने पुसा. खाचांत तो टिकतो. फ्लॅश बंद. टॉर्च बाजूने, चॅसिसला जवळजवळ टेकवून. मोबाइल समोरून, फूटभर अंतरावर. नंबरातली सतराही अक्षरं-आकडे तिथेच आरसीशी ताडा (त्यांत आय, ओ, क्यू नसतात, म्हणजे गोल दिसलं तर शून्य किंवा डी). शेवटी चाकासह लांबचा फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.