अचूकता ९९ टक्के आली? मग आधी या चुका तपासा

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होणार, हे ठरल्यापासून आपल्याकडच्या एमएस्सी फिजिक्सच्या मुलांमध्ये मोठ्या प्रयोगांविषयी कुतूहल वाढलंय. लायगोचं काम गुरुत्वीय लहरींचं. पण सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेतल्या कणांच्या टकरींचा डेटा आजही फुकट मिळतो आणि नांदेड-लातूरला खोलीवर बसून साध्या लॅपटॉपवर त्यात नव्या कणाचा माग काढायचा सराव करता येतो. प्रोजेक्टला याहून चांगला विषय मला तरी दिसत नाही. फक्त डेटावरून शिकणारं संगणकाचं मॉडेल नेमकं काय शिकलं, हे बघितल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका.

बहुतेक जण २०१४ च्या हिग्ज मशीन लर्निंग चॅलेंज या स्पर्धेच्या फाईलपासून सुरुवात करतात. सर्नच्या ॲटलास प्रयोगाच्या सिम्युलेशनमधल्या अडीच लाख टकरी, प्रत्येकीच्या ३० राशी, आणि सोबत ‘वेट’ नावाचा कॉलम. अशा टकरी प्रत्यक्षात किती अपेक्षित आहेत, ते हे वेट सांगतं. हिग्ज कण दुर्मिळ, म्हणून सिग्नलच्या, म्हणजे शोधायच्या कणाच्या, ओळींचं वेट अगदी बारीक असतं. हा कॉलम चुकून मॉडेलला दिला की अचूकता थेट शंभराला टेकते, कारण मॉडेल वेट बघूनच उत्तर देतं. फिजिक्स त्यात काहीच नसतं.

त्याच फाईलमध्ये जागोजागी -९९९ दिसेल. ते मोजमाप नाही. दोन जेटचं (टकरीतून निघणाऱ्या कणांच्या झोतांचं) एकत्रित वस्तुमान काढायला दोन जेट तरी हवेत. ते नसतील तिथे -९९९ भरलंय, आणि सुमारे ७१ टक्के ओळींत तसंच आहे. डिसिजन ट्री प्रकारच्या मॉडेलचं यात फारसं बिघडत नाही, पण न्यूरल नेटवर्कला डेटा देताना सरासरी काढली की सगळं स्केलिंग, म्हणजे राशी एका मापात आणणं, कोलमडतं. जेटच्या संख्येनुसार ओळी वेगळ्या करा आणि प्रत्येक गटाचं मॉडेल वेगळं शिकवा.

सगळ्यात फसवी चूक वस्तुमानाची. नवा कण शोधताना आपण वस्तुमानाच्या ग्राफवर उंचवटा शोधतो. वस्तुमानाचा कॉलम काढून टाकला तरी बाकीच्या राशींवरून मॉडेल त्याचा अंदाज बांधतं, आणि ट्रेनिंगमधल्या सिग्नलच्या वस्तुमानाजवळच्या टकरी तेवढ्या निवडतं. मग निव्वळ बॅकग्राऊंडमध्येही, म्हणजे नवा कण नसलेल्या नेहमीच्या टकरींतही, छान उंचवटा उभा राहतो! तपासणी सोपी आहे: फक्त बॅकग्राऊंड मॉडेलमधून जाऊ द्या आणि निवडीआधीचा नि नंतरचा ग्राफ एकावर एक काढा. आकार बदलला असेल, तर वस्तुमानाच्या प्रत्येक पट्ट्यात बॅकग्राऊंडचा सारखाच हिस्सा उरेल अशी कटची, म्हणजे निवडीच्या अटीची, मर्यादा पट्ट्यागणिक ठरवा.

कट ठरवायचे ते खरा डेटा उघडण्याआधी. आधी ग्राफ बघायचा आणि उंचवटा वाढेपर्यंत कट हलवत राहायचं, ही स्वतःचीच फसवणूक. शिवाय ग्राफवर शंभर ठिकाणी शोधलं, तर एखाद्या ठिकाणी योगायोगानेही उंचवटा दिसणारच. डिसेंबर २०१५ मध्ये ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांत ७५० जीईव्ही (कणाच्या वस्तुमानाचं एकक) या आकड्याजवळ फोटॉनच्या जोड्या जास्त दिसल्या. त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ पर्यंत जास्तीचा डेटा आला आणि तो उंचवटा विरून गेला. शोध जाहीर करायला पाच सिग्मा (योगायोगाची शक्यता नगण्य ठरवणारं प्रमाण) लागतात ते यासाठीच.

अचूकतेचा आकडा तर मुळातच बाजूला ठेवा. नवा कण शोधण्याच्या एलएचसी ऑलिम्पिक्स २०२० या स्पर्धेच्या पहिल्या ब्लॅक बॉक्समध्ये, म्हणजे उत्तर न सांगता दिलेल्या डेटात, दहा लाख टकरींत सिग्नल होते फक्त ८३४. प्रत्येक टकरीला ‘बॅकग्राऊंड’ म्हणणारं मठ्ठ मॉडेलही तिथे ९९.९ टक्के बरोबर ठरतं. किती बॅकग्राऊंड गाळलं आणि त्यात सिग्नल किती वाचला, ते मोजा.

त्याच स्पर्धेच्या दुसऱ्या ब्लॅक बॉक्समध्ये सिग्नल मुद्दाम ठेवलेलाच नव्हता. तुमची पद्धत त्यावर चालवून बघाच. तिथेही नवा कण सापडला, तर प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहायला घेऊ नका. वस्तुमानाचे ते दोन ग्राफ पुन्हा काढा.