बाळ घरी येण्याआधी : उड्या मारणाऱ्या कुत्र्याला शांत बसायला शिकवताना

दाराची घंटी वाजली की धावत सुटायचे, पाहुण्याच्या छातीवर पुढचे दोन्ही पाय टेकवायचे आणि त्याचे तोंड चाटून काढायचे, ही सवय असलेल्या कुत्र्याला आपण वर्षानुवर्षे ‘प्रेमळ आहे हो, काही करत नाही’ असे म्हणून मोकळे सोडलेले असते. ते खरेही असते. पण कुत्र्याचे वजन ३० किलो आणि नवजात बाळाचे जेमतेम ३ किलो असते, तेव्हा प्रेमाने मारलेली उडीसुद्धा इजा करू शकते. म्हणून कुत्र्याला बाळाचा लळा लागावा, ही इच्छा पहिले काही महिने बाजूला ठेवावी आणि त्याला बाळाकडे दुर्लक्ष करायला शिकवावे. बाळ रडो, हसो की कुशीत हलो, आपल्याला उठायचे कारण नाही, हे त्याला पटले की निम्मे काम झाले. लळा पुढे आपोआप लागतो.

तयारीला पाचव्या महिन्याच्या आसपास लागावे, कारण सवय बदलायला आठवडे जातात आणि नववा महिना धावपळीचा असतो. आधी पशुवैद्यांकडे जाऊन यावे. रेबीजची लस वेळेवर झाली आहे ना, जंताचे औषध तीन महिन्यांच्या आत दिले आहे ना आणि अंगावर गोचिडी नाहीत ना, एवढे पाहून घ्यावे. कान किंवा सांधे दुखत असतील तर त्यावरही उपचार करून घ्यावेत, कारण दुखणे अंगावर काढणारा शांत कुत्राही एखाद्या दिवशी खेकसतो. गर्भवतीच्या घरात कुत्रा नको, असे सांगणारी वडीलधारी मंडळी बहुधा गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या जंतूविषयी अर्धवट ऐकून असतात. तो जंतू मांजराच्या विष्ठेतून पसरतो, कुत्र्याच्या नव्हे.

सर्वांत अधिक वेळ ‘जागेवर’ या एका आज्ञेला द्यावा. एक सतरंजी घडी करून बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात अंथरावी. कुत्र्याचे चारही पाय तिच्यावर आले की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा त्याच्या पुढच्या पायांच्या मधोमध, सतरंजीवरच ठेवावा. हातातून भरवू नये, कारण हाताकडे पाहणारा कुत्रा मान वर करून ताटकळतो, तर जमिनीवरचा तुकडा खाणाऱ्याची मान खाली जाते आणि थोड्या वेळात तो कोपरे टेकून पसरतो. त्याच क्षणी दुसरा तुकडा ठेवावा. प्रथम दहा सेकंद, मग अर्धा मिनिट, मग आपण उठून दारापर्यंत जाऊन येईपर्यंत, असे अंतर आणि वेळ वाढवत न्यावेत. एका वेळी पाच मिनिटांहून अधिक सराव करू नये, पण दिवसातून दोन-तीनदा तो करायला चुकू नये. हे जमले की घरातल्याच कोणाला बाहेर पाठवून घंटी वाजवायला लावावी. उडी मारली तर रागावू नये, ढकलूही नये, कारण ढकलणे त्याला खेळच वाटतो. पाठ फिरवावी आणि चारही पाय जमिनीला लागले की मगच बोलावे. हा नियम सर्वांनी पाळायचा असतो. आजोबा गुपचूप बिस्किट देऊन उड्या मारून घेत असतील, तर बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

बाळ आल्यावर दिनक्रम बदलणार असेल तर तो आधीच बदलावा. फिरायला कोण नेणार, रात्री तो कोठे झोपणार, बाळाच्या खोलीला जाळीचे छोटे दार बसवायचे का, हे बाळ येण्याच्या दिवशी ठरवले तर आपले हक्क या नव्या प्राण्यानेच हिरावले, असा संबंध कुत्रा जोडू शकतो. पाळणा लवकर बांधून रिकामाच हलवत राहावे आणि खुळखुळा, घुंगुरवाळे अधूनमधून वाजवावेत. रडण्याचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात लावून त्याच वेळी खाऊ द्यावा आणि आवाज काही दिवसांच्या अंतराने वाढवावा. कान टवकारूनही तो खात असेल तर ठीक आहे. खाणे सोडून तो आवाजाच्या दिशेने पाहत राहिला, तर आपण घाई केली असे समजावे. बाळंतशेपा-ओव्याच्या धुरीचा आणि वेखंडाचा वासही आधीच ओळखीचा करून ठेवावा. बाहुली कडेवर घेऊन फिरण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण ती निर्जीव आहे हे कुत्र्याचे नाक पहिल्या क्षणी ओळखते, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे पहिले बाळंतपण अनेकदा माहेरी होते. त्यामुळे काही महिने दूर असलेली घरची मालकीण बाळाला घेऊन परतते आणि कुत्र्याच्या उत्साहाला त्या दिवशी पारावार राहत नाही. आमच्याकडे नेमके येथेच चुकले. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळायला घेतला, तोच आमच्या बंड्याने पट्ट्यासकट भाकरीवर झेप घेतली. तांब्या लवंडला आणि सून उंबरठ्यावर घसरता घसरता सावरली. बाळ आत्याच्या हातात होते, म्हणून निभावले. त्या दिवशी कुत्र्याला आधी तासभर फिरवून दमवावे. आईने रिकाम्या हातांनी एकटीने आत यावे आणि दहा मिनिटे त्याच्याशी बोलावे, तोवर बाळ खाली गाडीत कोणाकडे तरी असावे. ओवाळणीच्या वेळी तो आतल्या खोलीत असावा. मग त्याला पट्ट्यासह सतरंजीवर बसवून बाळाला आठ-दहा फुटांवरून आणावे. बाळाचे वापरलेले दुपटे आदल्या दोन-चार दिवसांत माहेराहून मागवून त्याला दुरून हुंगू दिले, तर ही भेट सोपी जाते.

यानंतर बहुतेक घरांत एक उलटी गोष्ट घडते. बाळ झोपले की सगळे कुत्र्याचे लाड करतात आणि बाळ जागे झाले की त्याला हाकलतात. याचा अर्थ कुत्रा सरळ लावतो : बाळ जागे असले की आपल्याला कोणी विचारत नाही. म्हणून बाळ जागे असताना, मांडीवर असताना, दूध पीत असतानाच त्याला सतरंजीवर खाऊ मिळावा आणि बाळ झोपल्यावर त्याच्याकडे विशेष लक्ष देऊ नये. बाळाला न्हाऊ घालणारी बाई येते, तेव्हा अनोळखी पाऊल, तेलाचा वास आणि रडणे एकदमच येतात. ती वेळ त्याच्या फिरण्याची ठरवून टाकावी.

बाळ आणि कुत्रा, दोघांना एका खोलीत एकटे सोडू नये, दूध उतू जात असले तरी. जांभया देणे, नाक चाटणे, मान फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे आणि अंग ताठरणे ही कुत्र्याची ‘पुरे झाले’ म्हणण्याची भाषा आहे. तो गुरगुरला तर मारू नये, बाळाला दूर न्यावे; गुरगुरण्याची शिक्षा मिळालेला कुत्रा पुढे न गुरगुरताच चावू शकतो. बाळाच्या हालचालीवर नजर रोखून तो निश्चल उभा राहत असेल, तर थांबू नये. त्याच दिवशी पशुवैद्यांना विचारून वर्तनतज्ज्ञाकडे जावे. मारून किंवा गळफास पट्ट्याने ‘सरळ करणाऱ्या’ प्रशिक्षकाकडे जाऊ नये. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच रुग्णालय गाठावे, कुत्र्याची लस झालेली असली तरीही.

स्वयंपाकघराकडेही लक्ष असावे. डिंकाच्या लाडवांत मनुका-बेदाणे घातलेले असतील तर ते कुत्र्याला विषारी ठरू शकतात, आणि वापरलेले डायपर खाल्ले तर आतडे तुंबू शकते. लाडवांचा डबा आणि कचऱ्याची बादली, दोन्हींना घट्ट झाकण हवे.

सात-आठ महिन्यांचे बाळ रांगू लागले की कुत्र्याचा खाण्याचा वाडगा, हाड आणि झोपण्याची जागा बाळाच्या हाताशी येतात. जाळीचे दार तोवर काढू नये. वाडगा दाराच्या पलीकडे न्यावा आणि सतरंजीचा सराव पुन्हा पहिल्या दहा सेकंदांपासून सुरू करावा.