शुगर असलेल्या म्हाताऱ्या माणसांचं तोंड : या चुका टाळा

आमची आई भाकरीचा पापुद्रा तेवढा खायची, जाड भाग ताटाच्या कडेला सारायची. लातूरकडचं घर, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. आम्ही म्हटलं, वय झालं. मग ती चहा-बिस्किट आणि दूधभातावर आली. शुगर चढली, वजन उतरलं, आणि एके दिवशी भरलेली कळशी तिला उचलवेना. तेव्हा कुठं बॅटरी लावून तोंडात पाहिलं. हिरड्या सुजलेल्या, खालचे दोन दात बोटानं हलत होते.

आमची सगळ्यात मोठी चूक हीच. शुगर जास्त असली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांची सूज शुगर आटोक्यात येऊ देत नाही. चावता येईना की उसळी, शेंगदाणे सुटतात. पोटात नुसता भात आणि साखर जाते, अंगातलं मांस झडतं. उठताना हात टेकावा लागतो, चाल मंदावते. वर्षभरात आपोआप चार-पाच किलो वजन उतरलं, तर डॉक्टरांना दाखवाच.

दातांचे उपचार होईपर्यंत मऊ जेवण द्या, पण पेजेवर ठेवू नका. घट्ट वरण, पिठलं, ठेचलेली मटकी, अंडं, दह्यात कालवलेला शेंगदाण्याचा बारीक कूट द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण आधी विचारून घ्या.

दाढ दुखली की मिसरी लावणं आपल्याकडं अजून चालतं. ती तंबाखूच आहे. त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटल्यासारखं होतं आणि आजार आत वाढत राहतो.

दात काढायला उपाशीपोटी नेऊ नका, हे कळकळीनं सांगते. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं राहिलं तर शुगर एकदम उतरते, बाकावर बसल्या बसल्या घाम फुटतो, हात थरथरतात. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर सकाळची वेळ घ्या, न्याहारी आणि नेहमीची औषधं घेऊनच निघा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. मनानं बंद करू नका. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथंही दाखवता येतं.

कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. तशीच घालून झोपलं की खाली बुरशी धरते, टाळू लालभडक होतो. सैल झाली तर घरी घासून-चिकटवून बघू नका. हिरड्या झिजल्यानं माप बदललेलं असतं, ते दंतवैद्यच नीट बसवतात.