अश्रूंचा स्कॅन करताना या चुका टाळा

डोळ्यातून सतत पाणी गळणाऱ्या माणसाची अश्रुनलिका उघडी आहे की बंद, हे सिरिंजिंगने, म्हणजे सिरिंजने नळीत सलाईन सोडून, कळतं. पण अश्रू आपले आपण खाली उतरतात का, हे त्याने कळत नाही. डॅक्रिओसिंटिग्राफी नेमकं तेच दाखवते. टेक्निशियम या किरणोत्सारी पदार्थाचा बारीक थेंब डोळ्यात टाकायचा आणि त्याचे किरण टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्यासमोर तो नाकापर्यंत कसा जातो ते बघायचं. १९७२ साली रोसोमोंडो आणि सहकाऱ्यांनी ही तपासणी मांडली. करायला सोपी वाटते, म्हणून नवशिके ती घाईने उरकतात. मला राग येतो तो याचाच.

सगळ्यात मोठी चूक थेंबाची. डोळ्यात एरवी सात-आठ मायक्रोलिटर पाणी असतं, आणि फार तर तीसच्या आसपास मावतं. औषधाच्या बाटलीतून पडणारा थेंब चाळीसच्याही वर जातो. मी मायक्रोपिपेटने १० मायक्रोलिटरच घेते, खालची पापणी हलकेच ओढून बाहेरच्या कोपऱ्याशी सोडते. इन्सुलिनच्या सिरिंजने अंदाजे टाकणाऱ्याचा हात मी तिथेच थांबवते. थेंब मोठा झाला की डोळा काठोकाठ भरतो आणि पाणी गालावर ओघळतं. पुढचा सगळा गोंधळ त्या ओघळाने होतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणी पन्नाशीच्या एका बाईंचा डावा डोळा तपासला होता. चित्रात आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या बाजूने खाली जाणारी सुरेख रेघ होती. रिपोर्ट गेला: मार्ग मोकळा. बाई औषधाचे थेंब घालत राहिल्या. काही महिन्यांनी परत आल्या तेव्हा कोपऱ्यात सूज होती आणि दाबलं की पू येत होता. नव्या स्कॅनमध्ये टेक्निशियम अश्रुकोशातच, म्हणजे नळीच्या वरच्या अश्रूंच्या पिशवीतच, अडकलं होतं. मग जुनी चित्रं एकेक फ्रेम करून पाहिली. ती रेघ पहिल्या मिनिटापासूनच होती, आणि वर अश्रुकोश भरलाच नव्हता. कोश भरल्याशिवाय नळीत पाणी कुठून येणार? ती नळी नव्हतीच, तो गालावर वाळलेला ओघळ होता. कोणीतरी गाल ओल्या कापसाने पुसून पुन्हा एक चित्र घेतलं असतं, तर रेघ गायब झाली असती. त्या दिवसापासून शेवटचं चित्र गाल पुसून घेतल्याशिवाय मी रुग्णाला उठवत नाही. पण डोळा मात्र पुसायचा नाही. रुमाल टेकवला की अर्धा थेंब रुमालात जातो आणि डोळा रिकामा झालेला पाहून आपण मार्ग मोकळा समजतो. हे रुग्णाला आधीच सांगा, नाहीतर सवयीने हात वर जातोच.

दुसरी गोष्ट, भूल देणारे थेंब घालू नका. अश्रू खाली नेतो तो पापणीचा पंप. उघडझाप झाली की डोळ्याभोवतीचा स्नायू बारीक नळ्यांवर दाब आणतो आणि पाणी आत ओढलं जातं. चेहऱ्याचा पक्षाघात झालेल्याची नळी पूर्ण उघडी असूनही पाणी गळतं ते यामुळेच. डोळा बधिर केला तर उघडझाप मंदावते, म्हणजे जे मोजायचं तेच बिघडतं. थेंब झोंबत नाही, भूल कशाला? नेहमीसारखी उघडझाप करायला सांगा, जोरात मिटायला नको.

सिरिंजिंग त्याच दिवशी, स्कॅनच्या आधी नको. पंक्टम, म्हणजे पापणीच्या काठावरचं अश्रूंचं छिद्र, ताणलेलं असतं आणि आत सलाईन साचलेलं असतं. मलम लावलं असेल तर दुसरा दिवस द्या. डावं-उजवं चित्रावर तिथल्या तिथे लिहा. डोकं पट्टीने सैल बांधा.

डॅक्रिओसिस्टोग्राफीवाल्यांनाही, म्हणजे अश्रुमार्गात क्ष-किरणांत दिसणारं द्रव्य (कॉन्ट्रास्ट) भरून चित्र घेणाऱ्यांनाही, एक सांगते. ही पद्धत १९०९ मध्ये युइंग यांच्यापासून चालत आली आहे, आणि अडथळा नेमका कुठे आहे ते दाखवण्यात तिला तोड नाही. पण कॉन्ट्रास्ट जोराने दाबून भरला की अरुंद नळीतूनही तो खाली जातो. ‘उघडी आहे’ असं लिहिताना दाबाखाली उघडी आहे, हेही लिहा.

शेवटची चूक, पाचव्या मिनिटाला कॅमेरा बंद करणं. पहिल्या मिनिटभरात टेक्निशियम कोशात दिसायला हवं. कोशापर्यंत पोचलंच नाही तर अडचण वर, नळ्यांमध्ये किंवा पंपात. कोशाच्या खालचा वेग मात्र निरोगी माणसांतही खूप वेगवेगळा असतो. तिथे घाईने ‘अडथळा’ लिहिणं मला पटत नाही. मी वीस मिनिटं थांबते, आणि तरी कोश रिकामा झाला नसेल तर रुग्णाला थोडं फिरून यायला सांगून आणखी एक चित्र घेते, अर्थात गाल पुसून.