चष्मा असताना आयएफआर ट्रेनिंगला हूड घ्यायचा की फॉगल्स?

आयएफआर ट्रेनिंग म्हणजे बाहेर न बघता फक्त समोरच्या पॅनेलवरच्या उपकरणांवर विमान उडवायचा सराव. त्यासाठी बाहेरचं झाकायला डोक्यावर झापडीसारखा हूड घालतात किंवा वरचा भाग धूसर केलेला चष्मा, म्हणजे फॉगल्स. चष्मा असेल तर फॉगल्स घेताना आधी हेडसेट लावून बघा, कारण खरी अडचण तिथेच येते. चष्म्याची दांडी आणि वरून फॉगल्सची दांडी अशा दोन दांड्या हेडसेटच्या इअर सीलखाली (कानाभोवतीच्या गादीखाली) गेल्या की फट राहते, इंजिनचा आवाज आत येतो आणि तासाभरात कानामागे ठणकायला लागतं. अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंगला, म्हणजे असं उडवायच्या परवान्याला, इन्स्ट्रुमेंटवरचे ४० तास लागतात, त्यातला बराचसा वेळ हेच डोक्यावर असणार, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. माझ्या मते चष्मेवाल्यांनी डोक्याभोवती पट्टा असलेला हूड घ्यावा, नाहीतर चष्म्यालाच अडकणारा क्लिप-ऑन, म्हणजे जास्तीची दांडीच नको. स्वस्तातला उपाय पण मस्त आहे, त्याच नंबरचा जुना चष्मा असेल तर सीटवर बसून कुणाला तरी पॅनेलची वरची कड काचेवर कुठे येते ते मार्क करायला सांगा आणि त्याच्या वरच्या भागाला दुधी टेप लावा, बाजूनेही लावा, नाहीतर कडेने बाहेरचं दिसत राहतं.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर जास्त जपा. पॅनेल नीट दिसावं म्हणून सारखी मान वरखाली करावी लागत असेल तर ते डिव्हाइस घेऊच नका, वळणात मान हलवली की गरगरतं. आणि हूड घातल्यावर शेजारी सेफ्टी पायलट हवाच, बाहेर तोच बघणार आहे.